निहारीचं शेवटचं वाक्य

माझा धंदा दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा. म्हणजे मी प्रॉम्प्टर. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट एका हंगामात पाच-सात नाटकं करतात, आज या गावात तर उद्या त्या गावात. पाठांतराला वेळ कोणाला आहे? मी विंगेत बसून वाक्य सांगतो, नट ते उचलतो आणि रडून-ओरडून प्रेक्षकांपुढे टाकतो. टाळ्या त्याला, बसलेला घसा मला. पुण्याकडच्या एका पाहुण्यानं एकदा मला विचारलं, "म्हणजे तुमच्या नटांना काहीच पाठ नसतं?" मी म्हटलं, "नसतं, म्हणूनच ते कधी विसरत नाहीत." त्याला तो विनोद वाटला. मी विनोद करत नव्हतो.

सडक अर्जुनीला हायवेवर, टायरच्या दुकानाच्या माडीवर, लोकेंद्रचं केबलचं ऑफिस होतं. आसपासच्या गावांत तार टाकून तो स्वतःचा एक चॅनल चालवायचा. सकाळी भजनं, दुपारी कोणाच्या तरी लग्नाची शूटिंग, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण पोराच्या डोक्यात सगळं आभाळ भरलेलं. नागपूरला इंजिनिअर व्हायला गेला आणि शिक्षण अर्धवट सोडून एक कॅमेरा आणि ग्रहताऱ्यांची पुस्तकं घेऊन परत आला. दोन हजार आठ साली तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, आपण सायन्सची सिरियल काढू. आपल्या झाडीत यान उतरते."

"उतरून करते काय?" मी विचारलं.

"थेच तं पाहाचं हाये," तो म्हणाला.

सिरियलचं नाव 'दूरग्रहाची लेक'. निहारी नावाची बाई दूरच्या ग्रहावरून येते, तिचं यान चोरखमाऱ्याच्या जलाशयापाशी उतरतं, आणि मग ती इथल्या माणसांत अशी गुंतते की तिचा पाय निघत नाही. यान म्हणजे भाताच्या गिरणीतून टाकून दिलेलं पत्र्याचं मोठं नरसाळं आणि त्यावर दोन मोडक्या डिश. आमच्या नाटक मंडळीचे कपडे सांभाळणाऱ्या गीताबाईनं मोटारीवर टाकायच्या चंदेरी कव्हरचा निहारीचा पोशाख शिवला. घालणारीला त्यात भाजून निघायला व्हायचं, पण दिसायला झकास. मे महिन्यात जलाशयाचं पाणी आत सरकतं आणि भेगाळलेला तळ उघडा पडतो. तो आमचा परग्रह. फुकटात मिळालेला.

निहारी झाली माझी भाची, योगेश्वरी. माझी थोरली बहीण चमेली, तिची ही मोठी मुलगी. तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. भाऊजी नत्थूलाल आधी पार बिथरले. पोवाराच्या घरची लेक, अंगाला चिकटलेले चंदेरी कपडे घालून कॅमेऱ्यापुढे उभी राहणार म्हणजे काय! मग बाईनं समजूत घातली की यादो, म्हणजे मी, आहे ना मागं, तो एक-एक शब्द सांगणार, त्याच्या नजरेबाहेर पोरगी जाणार नाही. बाई म्हणजे चमेली. आम्ही थोरल्या बहिणीला बाईच म्हणतो. भाऊजींनी हो म्हटलं, पण प्रत्येक शूटिंगला स्वतः हजर राहायचं या अटीवर. राहिलेही. मोठी काळी छत्री घेऊन यायचे आणि दोन शॉटच्या मध्ये लेकीच्या डोक्यावर धरून उभे राहायचे, स्वतः उन्हात.

लोकेंद्रला चित्र घेता येत होतं, आवाज घेता येत नव्हता. मी पत्र्याच्या यानामागं लपून वाक्य सांगायचो, आणि कॅमेऱ्यात तेही शिरायचं. पहिला भाग केबलवर लागला तेव्हा मी कपाळाला हात लावला. निहारी तोंड उघडायच्या आधी दर वेळी एक दबका पुरुषी आवाज तेच वाक्य म्हणून मोकळा! दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवत चहाच्या टपरीवर गेलो, तर तिथं लोक सिरियल डोक्यावर घेऊन बसलेले. "काय डोकं लावलं बा लोकेंद्रनं! तिच्या ग्रहावरून हुकूम येते, मंगच थे बोलते!" लोकेंद्रनं कोणाची चूक दुरुस्त केली नाही. दुसऱ्या भागापासून त्यानं माझ्या आवाजाला घुमारा लावला आणि शेवटच्या पाटीवर लिहिलं, ग्रहाचा आवाज : यादोराव. वीस वर्षं विंगेत काढली, पण माझं नाव कुठं लागलं ते हे पहिल्यांदा.

आणि योगू? तिला वाक्य सांगण्यात जे सुख होतं ते मी दुसऱ्या कोणत्याही नटात पाहिलं नाही. माझा शब्द संपायच्या आत तिच्या ओठावर यायचा, आणि येताना तिचा होऊन यायचा. एक वाक्य चुकवलं नाही पोरीनं, एकही नाही. शेवटच्या भागात यान उडालं, निहारीनं हात हलवून सांगितलं, "मी परत येईन," आणि शाळेत जाणारी पोरं पुढं महिनाभर आभाळाकडे बघत चालत होती. बाजारात बायका योगूचा हात धरून विचारायच्या, "कवा येतेस वं परत?" त्या दिवसांत तिचे पाय जमिनीवर नव्हते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आमगावकडचं गाव, मोठी शेती, नवरा रायपूरला ठेकेदारीत. पोरगी नाही म्हणाली नाही, कारण तिला कोणी विचारलंच नाही. आमच्यात लग्नाच्या वेळी मामा नवरीच्या मागं उभा राहतो. मीही उभा होतो. सवयीनं माझे ओठ हलत होते, पण सांगायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तिला पाठवलं नाही, धानाची कापणी होती म्हणे. नंतर सासूचे गुडघे. नंतर कारण सांगायचंही त्यांनी बंद केलं. नवरा महिन्याकाठी एखादी चक्कर टाकायचा. घर चालायचं थोरल्या दिराच्या, उमेंद्रच्या हुकमानं. फोन करायचा तर त्याच्याच मोबाईलवर. बाई विचारायची, कशी आहेस? पलीकडून उत्तर यायचं, "बरी हाओ." बाईच्या कानाला लावलेल्या फोनमधून ते मलाही ऐकू यायचं. सांगितलेलं वाक्य कोणतं आणि माणसाचं स्वतःचं वाक्य कोणतं, हे मला झोपेतसुद्धा कळतं. माझी भाकरीच त्यावर आहे. ते "बरी हाओ" कोणीतरी सांगितलेलं होतं.

मी भाऊजींना बोललो. ते म्हणाले, "नव्या घरी वेळ लागते. तुही बहीण नाई का रडत होती सालभर?" आणि विषय संपवून बैलाकडे गेले. गावात मात्र कुजबुज सुरू झाली होती, की नत्थूलालच्या पोरीचं काही ठीक नाही. ती त्यांच्या कानावर येत होती आणि रात्रंदिवस कुरतडत होती, हे मला दिसत होतं. त्यात योगूच्या धाकट्या बहिणीसाठी, सोनिकेसाठी, स्थळ आलेलं.

दोन हजार अकरा साली लोकेंद्रनं दुसऱ्या सीझनची तयारी केली. तेरा भाग लिहून तयार होते. निहारी परत येणार, येताना तिच्या ग्रहाचं बियाणं आणणार, काय काय होणार. निहारी दुसरी कोणी चालणार नव्हती. चालवली असती तर लोकांनी त्याच्या तारा तोडल्या असत्या. म्हणून लोकेंद्र, भाऊजी आणि मी तिच्या सासरी गेलो. योगू पाण्याचे गिलास ठेवून आत गेली ती गेलीच. उमेंद्रनं आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्या घराले लोकं आता निहारीचं घर म्हणतेत. पोट्टे फाटकापाशी येऊन उभे राहातेत. इज्जतदार लोकाचं घर हाये हे. एक काम करा. तिले मारून टाका."

भाऊजींनी हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"टीव्हीत हो," तो हसला. "पहिल्याच भागात मारा. एक दिवस आणतो मी तिले, मीच आणीन, मीच नेईन. लोकायनं एकदा मरताना पाहिली का विसरतीन."

लोकेंद्र परत येताना रडकुंडीला आला होता. तेरा भाग कचऱ्यात. तरी त्यानं हो म्हटलं, कारण एक दिवस तर एक दिवस, निहारी मिळत होती. आणि मीही म्हटलं, चला, पोरगी डोळ्यांना दिसेल, दोन शब्द बोलता येतील. भाऊजी मागच्या सीटवर पुढं वाकून बसले. मग लोकेंद्रला म्हणाले, "मरताना तिच्या तोंडी एक वाक्य टाक. का मी तिथं सुखी आहे म्हणून."

"ते कायले काका?"

"लोकायले बरं वाटंल," भाऊजी म्हणाले.

लोकांना नव्हे, त्यांनाच ते ऐकायचं होतं. लेकीला समोर बसवून विचारायची हिंमत नव्हती, म्हणून नाटकातून वदवून घ्यायचं होतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम.

शूटिंगच्या दिवशी उमेंद्र तिला जीपमधून घेऊन आला. भाऊजी छत्री उघडून धावतच गेले. गीताबाईनं तिला पोशाख चढवला आणि सेफ्टी पिना मागत बाहेर आली. कंबरेला, खांद्याला, सगळीकडे कापड ढिलं झालं होतं. "अंगावर मापलं होतं मी हे," एवढंच ती मला म्हणाली. दुपारी जेवणं झाली. मसाले भात होता. योगू आमच्याकडे पाठ करून बसली आणि घाईघाईनं, मान वर न करता जेवली, जसं कोणीतरी मधेच उठवणार आहे. भाऊजींनी स्वतःच्या पत्रावळीतला भात तिच्यात टाकला. तिनं तोही संपवला. उमेंद्र बाजूलाच खाटेवर बसून होता, त्यामुळे दोन शब्द बोलायचे राहिलेच.

भाऊजी तिला कौतुकानं म्हणाले, "शेवटचं वाक्य मी सांगतलं हाये टाकाले. मी तिथं सुखी आहे, असं. लोकं काईबाई बोलतेत न पोरी. एकदा तुह्या तोंडून आईकलं का साऱ्यायची तोंडं बंद होतीन."

योगूनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगतलं बाबाजी?"

"हाव तं."

"बरं," ती म्हणाली.

ऊन कलायला लागलं तसा लोकेंद्रनं शेवटचा शॉट लावला. निहारीचं यान कोसळलेलं, ती भेगाळलेल्या जमिनीवर पडलेली, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. मी पत्र्याच्या नरसाळ्यामागं आडवा पडलेलो, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. मागं भाऊजी छत्री मिटून उभे, त्यांच्या बाजूला उमेंद्र.

मी सांगितलं, "माझं शरीर तुमच्या मातीत राहील."

"माझं शरीर तुमच्या मातीत राहील," ती म्हणाली, आणि गीताबाईनं पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत पोरीचा आवाज जराही गंजला नव्हता.

"मी माझ्या घरी जात आहे."

"मी माझ्या घरी जात आहे."

"माझी काळजी करू नका."

"माझी काळजी करू नका."

"मी तिथं सुखी आहे."

ती बोलली नाही. मला वाटलं, थांबा घेतला असेल. मोठी नटी घेते असा थांबा. मी परत सांगितलं, "मी तिथं सुखी आहे." ओठ मिटलेले. डोळे उघडे, वर आभाळाकडे. लोकेंद्रनं कॅमेरा थांबवला नाही. मी तिसऱ्यांदा सांगितलं, जरा मोठ्यानं, एक-एक शब्द सुटा करून. तेव्हा तिनं मान वळवली. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे नाही. भाऊजी उभे होते तिकडे. त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग डोळे मिटले.

"झालं न मरून?" उमेंद्रनं विचारलं.

लोकेंद्र म्हणाला, एक वाक्य राहिलं आहे, पुन्हा घेऊ. उमेंद्रनं घड्याळ दाखवलं. म्हशींचं दूध काढायची वेळ झाली होती. योगूनं यानामागं जाऊन कपडे बदलले, चंदेरी पोशाखाची नीट घडी घातली, गीताबाईच्या हातात दिली. भाऊजींच्या पाया पडली, माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "योगू." ती म्हणाली, "येतो मामाजी." जीप बांधावर चढून दिसेनाशी झाली, तरी भाऊजी छत्री हातात घेऊन तिथंच.

परतताना मेटाडोरमध्ये मी तोंड उघडलं. भाऊजींनी मला बोलूच दिलं नाही. "विसरली असंल," म्हणाले. "इतक्या दिवसात सवय नाई राहिली."

"भाऊजी, पाठ असलेलं माणूस विसरते. मी सांगत होतो."

"मंग आईकू नसंल आलं. वारा होता."

"बाकीचं सारं आईकू आलं. तेवढंच नाई?"

त्यावर ते खवळले. "तं काय करू मी? जाऊन आणू तिले? सोनिकेचं जमून राहिलं हाये, परवा पाव्हणे येऊन राहिले. मोठी परत आली तं लहानीले कोण करंल? सांग न तू! साऱ्यायले वाक्य सांगत राहातेस, मले सांग, मी काय बोलू लोकायले?" आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. छत्रीच्या दांड्यावर कपाळ टेकवून नत्थूलाल, गावात ज्यांच्या शब्दावर भांडणं मिटतात, हमसून हमसून रडले. मला वाटलं, आता हा माणूस उद्या सकाळी लेकीला आणायला जाईल. माणसाचं रडं बघून मी फसलो, दुसरं काय.

सकाळी ते गेले लोकेंद्रकडे. त्यांनी तोडगा काढून आणला होता. चेहरा दाखवायचाच कशाला? आभाळ दाखवायचं आणि त्यावर आवाज टाकायचा. आणि आवाज घरातच होता. चमेली आणि योगूचा आवाज इतका सारखा, की फोनवर मावशी-आत्यांचीही गफलत व्हायची.

बाईला काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं, वाऱ्यामुळं एक वाक्य खराब आलं आहे, ते तेवढं तू म्हण. टायरच्या दुकानाचा जिना चढून ती केबलच्या ऑफिसात आली, ती जणू लेकीच्या घरी आल्यासारखी. नवं लुगडं नेसली होती. लोकेंद्रला म्हणाली, "आधी मले माही पोरगी दाखव."

त्यानं लावलं. पडद्यावर योगूचा चेहरा आला आणि बाईनं हात पुढं करून काचेला लावला. "वाळली वं माय," म्हणाली. मग माझा आवाज, मग तिचा. माझा, तिचा. मग माझा आवाज : मी तिथं सुखी आहे. आणि मिटलेले ओठ. पुन्हा माझा आवाज. तिसऱ्यांदा माझा आवाज. मग तिनं मान वळवली.

बाई वळून माझ्याकडे बघायला लागली. "वारा कुठं हाये रे यादो?"

मी म्हटलं, "नव्हता, बाई."

"तू सांगून राहिला होतास."

"तीनदा सांगतलं."

"तिले आईकू आलं?"

"हाव."

भाऊजी स्टुलावर बसून होते. ते खाली बघत म्हणाले, "चमेली, उद्या सोनिकेचे पाव्हणे येऊन राहिले." दुसरं काही म्हणाले नाहीत. रागावले नाहीत, दरडावलं नाही. दरडावलं असतं तर बरं झालं असतं, बाई उलटून बोलली असती; तिचा राग मला ठाऊक आहे. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग पडद्यावर थांबवलेल्या त्या चेहऱ्याकडे. एक लेक काचेत होती, एक घरी उद्याची रांगोळी काढत होती.

"काय म्हणाचं हाये?" तिनं विचारलं.

लोकेंद्रनं कागद पुढं केला. बाईला वाचता येत नाही. ती मला म्हणाली, "सांग."

"मी नाई सांगणार बाई."

"सांग यादो. तू नाई सांगतलं तं हे सांगतीन. तुह्या तोंडून आईकीन मी."

लोकेंद्रनं माईक लावला. मी तिच्या मागं उभा राहिलो आणि सांगितलं, "मी तिथं सुखी आहे." बाईनं तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. मी पुन्हा सांगितलं. तिनं ओठ मिटून घेतले, अगदी लेकीसारखे. वाटलं, नाही म्हणते आहे. बाई, नाही म्हण. म्हण नाही आणि चल, आत्ताच्या आत्ता हायवेवर जी गाडी मिळेल तिला हात दाखवू.

"चमेली," भाऊजी म्हणाले.

मी तिसऱ्यांदा सांगितलं आणि तिनं ते म्हटलं. किती गोड म्हटलं म्हणून सांगू! बाई कधी नाटकात उभी राहिली नाही, पण ते वाक्य तिनं असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटावं कुठंतरी खरंच एक ग्रह आहे आणि तिथं एक लेक खरंच सुखी आहे. लोकेंद्रनं कानाचे हेडफोन काढले आणि डोळे पुसले. "काकी, योगेश्वरीच बोलली." बाई जिना उतरून खालच्या पायरीवर बसली.

भाग लागला त्या संध्याकाळी भाऊजींचं अंगण भरलं होतं. निहारी मेली तेव्हा बायका मोठ्यानं रडल्या. आभाळ दिसलं, ग्रहाचा आवाज घुमला, एकदाच. माझे बाकीचे दोन लोकेंद्रनं कापून टाकले होते. मागोमाग निहारीचा आवाज आला : मी तिथं सुखी आहे. शेजारची एक म्हातारी भाऊजींच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "आईकलं न? मोठं समाधान वाटलं." भाऊजींनी मान हलवली. बाई तेव्हा गोठ्यात होती. म्हशीला पाणी पाजायला गेली होती आणि परत आलीच नाही.

दुसरा सीझन तिथंच आटोपला. निहारीवाचून लोकांनी दोन भाग पाहिले, तिसऱ्याला कोणी टीव्ही लावला नाही. पुढं घरोघरी सेट-टॉप बॉक्सचे डबे आले आणि लोकेंद्रचा चॅनलही गेला. सोनिकेचं लग्न झालं, चांगलं झालं. हेही सांगायला हवं.

त्या वर्षी दिवाळीनंतर योगूच्या सासरच्या गावात मंडई होती, आणि नाटक आमच्याच मंडळीचं. मी दुपारीच पोचलो आणि मामाच्या हक्कानं तिच्या घरी गेलो. उमेंद्र अंगणात बसून कोणाशी तरी धानाच्या भावाचं बोलत होता. योगू पाण्याचा लोटा घेऊन ओसरीवर आली. मी पाणी प्यालो. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले आणि त्या ओसरीवर माझी झोळी रिकामी.

तीच म्हणाली, हळू, "मी पाहिलं मामाजी. इथं साऱ्यायनं पाहिलं. जाऊबाई म्हणे, तुहा आवाज शेवटी किती गोड आला."

मी मान खाली घातली.

"मी हाव म्हणाली. कोणाले सांगतलं नाई का थो आईचा आवाज हाये म्हणून." मग थोडी थांबून, "तिले वाचता नाई येत. तुम्हीच सांगतलं असंल न?"

"हाव."

"कितव्या बारीले म्हणाली?"

मी उमेंद्रकडे पाहिलं. तो अजून भावातच होता. "तिसऱ्या," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातून लोटा घेतला. दोन्ही हातांनी पोटाशी धरला. मला वाटलं आता रडेल, आणि रडली असती तर मी काय केलं असतं देव जाणे. ती रडली नाही.

"म्हणजे आई दोनदा नाई म्हणाली न मामाजी," ती म्हणाली, आणि हसली, आणि आत गेली.